हृदयस्नायूच्या संरक्षणाचा इतिहास : परळ ते चारकोप

बीजसंज्ञा : बायपास शस्त्रक्रिया, हृदयस्नायू, कार्डिओप्लेजिया, के. ई. एम. रुग्णालय, मुंबई उपनगर.

प्रस्तावना

बायपास शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यचिकित्सकाच्या हस्तकौशल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी पायातील शिरेचा तुकडा वापरून अरुंद झालेल्या हृदयधमनीला पर्यायी मार्ग काढून दिला. तेथून या शस्त्रक्रियेचा नियमित प्रसार सुरू झाला. परंतु धमनीची जोडणी निर्दोष होऊनही रुग्ण दगावतो, असा अनुभव त्या काळातील शल्यचिकित्सकांना वारंवार येत होता. याचे कारण टाक्यांत नव्हते. शस्त्रक्रिया चालू असताना रक्तावाचून राहिलेल्या हृदयस्नायूत ते होते. ज्या स्नायूला रक्त पोहोचविण्यासाठी हा खटाटोप, तोच स्नायू खटाटोपाच्या काळात मरू नये, ही समस्या सोडविण्यास शास्त्राला सुमारे दोन तपे लागली.

प्रस्तुत लेखात या समस्येच्या इतिहासाचा, विशेषतः मुंबई शहराच्या संदर्भात, आढावा घेतला आहे. हृदयस्नायूच्या संरक्षणाचा प्रश्न शस्त्रक्रियागृहात बव्हंशी सुटला असला, तरी शस्त्रक्रियागृहाबाहेर तो कोणत्या स्वरूपात शिल्लक आहे, याचा विचार कांदिवली पश्चिमेकडील चारकोप या वसाहतीच्या आधारे शेवटी केला आहे.

१. थांबलेल्या हृदयाची समस्या

प्रौढ माणसाच्या हृदयाचे वजन सुमारे ३०० ग्रॅम असते. इतर अवयव विश्रांतीच्या काळात रक्तातील प्राणवायूचा थोडाच अंश वापरतात. हृदय मात्र आपल्याकडे येणाऱ्या रक्तातील सुमारे सत्तर ते पंच्याहत्तर टक्के प्राणवायू विश्रांतीतही काढून घेते. त्यामुळे रक्तपुरवठा खंडित झाल्यास त्याच्यापाशी शिल्लक अशी फारशी नसते. काम करणाऱ्या हृदयाच्या १०० ग्रॅम स्नायूला दर मिनिटाला सुमारे ८ ते १० मिलिलिटर प्राणवायू लागतो. हृदय शरीराच्या नेहमीच्या तापमानाला पूर्ण थांबविले, तर ही गरज सुमारे १ मिलिलिटरवर येते आणि थंड केल्यास त्याहूनही कमी होते. हृदयस्नायूच्या संरक्षणाचे शास्त्र याच साध्या हिशेबावर उभे आहे.

हा हिशेब ध्यानात येण्यापूर्वी शल्यचिकित्सकांसमोरचा पहिला प्रश्न होता तो उर्वरित शरीराचा, मुख्यतः मेंदूचा. टोरोंटोचे विल्फ्रेड बिगेलो यांनी शरीर थंड केल्यास प्राणवायूची गरज घटते, हे १९५० च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा येथे जॉन लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून तिच्या हृदयाच्या पडद्यातील छिद्र साडेपाच मिनिटांत बंद केले. ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. यंत्राने वेळेची मर्यादा सैल केली, पण त्याबरोबर नवा प्रश्न उभा केला. मेंदूला रक्त यंत्राकडून मिळत होते. महाधमनीला चिमटा लावल्यानंतर हृदयाला ते मिळत नव्हते.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डेनिस मेलरोझ यांनी १९५५ मध्ये यावर उपाय सुचविला. पोटॅशियम सायट्रेटचे द्रावण हृदयधमन्यांत सोडल्यास हृदय ताबडतोब शिथिल अवस्थेत थांबते आणि रक्त पुन्हा सुरू केल्यावर धडधडू लागते, असे त्यांनी दाखविले. पोटॅशियमचा हा गुणधर्म सिडनी रिंगर यांच्या १८८० च्या दशकातील प्रयोगांपासून ज्ञात होता. परंतु मेलरोझ यांचे द्रावण अतितीव्र होते. काही वर्षांतच अशा हृदयांच्या स्नायूत मृत पेशींचे पट्टे आढळल्याची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि ही पद्धती जवळजवळ सर्वत्र सोडून देण्यात आली. दोष द्रावणाच्या तीव्रतेत होता, तत्त्वात नव्हता. तरीही तीव्रतेबरोबर तत्त्वही बाजूला पडले. पुढील सुमारे पंधरा वर्षे बर्फाळ सलाइनने हृदय बाहेरून थंड करणे अथवा महाधमनीवरचा चिमटा थोड्या थोड्या वेळाने काढणे, अशा उपायांवर भिस्त राहिली.

२. परळमधील वेगळी वाट

याच काळात मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयशल्यचिकित्सेचे एक महत्त्वाचे केंद्र आकाराला येत होते. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांची उभारणीच मुळी एका राष्ट्रीय भूमिकेतून झाली होती. सरकारी सेवेत नसलेल्या भारतीय अध्यापकांनीच येथे शिकवावे, ही देणगीदारांची अट होती. भोवती गिरणगाव होते. गिरणीकामगार, त्यांची कुटुंबे आणि कोकण व देशावरून त्यांच्याकडे उपचारासाठी येणारे नातेवाईक हा या रुग्णालयाचा मोठा रुग्णवर्ग होता.

येथील शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५-१९८२) यांनी हृदयस्नायूच्या प्रश्नाकडे वेगळ्या दिशेने पाहिले. अरुंद धमनीमुळे उपाशी राहिलेल्या स्नायूला रक्त कसे द्यावे, या प्रश्नावर माँट्रियलचे आर्थर व्हाइनबर्ग यांनी १९४६ पासून छातीच्या आतील धमनी थेट स्नायूत रोवण्याचा मार्ग अवलंबिला होता. सेन यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयरचनेचा आधार घेतला. सापासारख्या प्राण्यांत हृदयाच्या पोकळीतील रक्त स्नायूतील सूक्ष्म पोकळ्यांतून थेट आत झिरपते. तेथे हृदयधमन्यांवरील अवलंबित्व सस्तन प्राण्यांइतके नसते. मग डाव्या जवनिकेच्या भिंतीत सुईने छिद्रे पाडल्यास पोकळीतील प्राणवायुयुक्त रक्त स्नायूला मिळू शकेल काय, असा त्यांचा प्रश्न होता. सेन, टी. ई. उडवाडिया, एस. जी. किनरे आणि जी. बी. परुळकर यांचा याविषयीचा निबंध १९६५ मध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य शल्यचिकित्सा नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या पद्धतीला त्यांनी ‘ट्रान्समायोकार्डियल अ‍ॅक्युपंक्चर’ असे नाव दिले.

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली अशी की, या पद्धतीत हृदय थांबविण्याची गरज नव्हती. महागड्या यंत्रसामग्रीची टंचाई असलेल्या सार्वजनिक रुग्णालयात ही बाब क्षुल्लक नव्हती. दुसरी अशी की, सुईने पाडलेली छिद्रे लवकर बुजतात, असे पुढील संशोधनातून दिसून आले. १९८० च्या दशकात महमूद मीरहोसेनी यांनी हीच कल्पना सुईऐवजी लेसर वापरून पुढे नेली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा लेसर उपचाराला मान्यता दिली. लेसरने पाडलेले मार्गही दीर्घकाळ उघडे राहत नाहीत. त्यामुळे रुग्णाला मिळणाऱ्या आरामाची कारणमीमांसा वादग्रस्तच राहिली. परळच्या सुईने बायपासची जागा घेतली नाही. तथापि, हृदय न थांबविता स्नायूला रक्त पुरविण्याचा विचार मुंबईत बायपासपूर्व काळातच गंभीरपणे केला गेला होता, याची ती साक्ष आहे.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी के. ई. एम. मध्ये भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. जगातील ते सहावे होते. ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणातील रुग्णही काही तासांपलीकडे जगू शकला नाही. मेंदुमृत्यूला कायद्याचा आधार त्या वेळी नव्हता. तो १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, प्रत्यारोपण म्हणजे हृदयस्नायूच्या संरक्षणाची सर्वांत कठोर परीक्षा होय. बायपासमध्ये हृदय छातीतच असते. येथे ते रक्ताशी संबंध तोडून एका देहातून दुसऱ्या देहात न्यावे लागते. १९६८ साली जगात कोठेही या स्नायूला दीर्घकाळ सुरक्षित ठेवणारे सर्वमान्य द्रावण उपलब्ध नव्हते.

३. ‘दगडी हृदय’ आणि पोटॅशियमचे पुनरागमन

बायपास शस्त्रक्रियांची संख्या वाढू लागली, तशी स्नायूच्या हानीकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाले. १९७२ मध्ये ह्यूस्टनचे डेंटन कूली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्टोन हार्ट’ म्हणजे ‘दगडी हृदय’ या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया संपल्यावर हृदय पुन्हा सुरू होण्याऐवजी आकुंचित अवस्थेत घट्ट होऊन राहत असे आणि कोणत्याही उपायाने सैल होत नसे. पेशीतील ऊर्जेचा साठा संपल्यावर स्नायुतंतू एकमेकांना सोडू शकत नाहीत, हे त्यामागचे कारण होते. आकुंचनाला ऊर्जा लागते, हे सर्वज्ञात होते. शिथिल होण्यालाही ती लागते, याचे इतके भीषण प्रात्यक्षिक शस्त्रक्रियागृहात प्रथमच समोर आले.

मेलरोझ यांचे तत्त्व आता पुन्हा वर आले. १९७३ मध्ये विल्यम गे आणि पॉल एबर्ट यांनी कमी तीव्रतेच्या पोटॅशियमने हृदय एक तास थांबवूनही स्नायू सुरक्षित राहतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध केले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डेव्हिड हर्स हे जीवरसायनशास्त्रज्ञ आणि मार्क ब्रेमब्रिज हे शल्यचिकित्सक यांनी घटकद्रव्यांची एकेक करून पारख केली. त्यातून तयार झालेले सेंट थॉमस द्रावण १९७५ पासून रुग्णांवर वापरले जाऊ लागले. त्यामागचा विचार तीन पायऱ्यांचा होता. पोटॅशियमने हृदय तत्काळ शिथिल अवस्थेत थांबवायचे, म्हणजे ऊर्जेचा साठा शाबूत राहतो. थंडाव्याने उरलेली गरज घटवायची. मॅग्नेशियमसारख्या घटकांनी पेशीचे आवरण सांभाळायचे. जर्मनीत ब्रेटश्नायडर यांनी त्याआधीच सोडियमचे प्रमाण उतरवून हृदय थांबविण्याचा निराळा मार्ग शोधला होता.

यानंतर लॉस एंजेलिसचे जेराल्ड बकबर्ग यांनी नवा मुद्दा पुढे आणला. इजा केवळ रक्त थांबल्याने होत नाही, रक्त पुन्हा सुरू होतानाही होते. म्हणून द्रावणाचे वाहक म्हणून रुग्णाचेच रक्त वापरण्याची पद्धत त्यांच्या गटाने १९७० च्या दशकाअखेरीस रूढ केली. रक्तात प्राणवायू असतो, आम्लता आवरणारी द्रव्ये असतात आणि घातक उपपदार्थ निष्प्रभ करणारी यंत्रणाही असते. धमन्या तुंबलेल्या रुग्णांत द्रावण पुढून पोहोचत नाही, तेथे ते हृदयाच्या मुख्य शिरेतून उलट दिशेने देण्याची पद्धत १९८० च्या दशकात पुढे आली. १९९१ मध्ये टोरोंटोच्या शल्यचिकित्सकांनी थंडावाच वगळून उष्ण रक्ताने हृदय थांबविण्याचे अनुभव मांडले. लहान मुलांसाठी १९९० च्या दशकात पेद्रो देल निदो यांनी विकसित केलेले द्रावण पुढे प्रौढांनाही वापरण्यात येऊ लागले. सेंट थॉमस द्रावण दर वीस ते तीस मिनिटांनी पुन्हा द्यावे लागते. देल निदो द्रावणाच्या एकाच मात्रेवर बहुधा तासाहून अधिक वेळ निभावतो.

भारतात बायपास शस्त्रक्रियेचा आरंभ १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केला, असे मानले जाते. म्हणजेच भारतातील बायपास आणि सेंट थॉमस द्रावण समवयस्क आहेत. पाश्चात्त्य शल्यचिकित्सकांना ‘दगडी हृदया’चा जो कालखंड सोसावा लागला, त्याच्या अखेरीस भारतीय बायपासचा प्रवास सुरू झाला. उशिरा सुरुवात झाल्याचा हा एक लाभ होय.

४. धडधडत्या हृदयावरील शस्त्रक्रिया

स्नायू वाचविण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे हृदय थांबविणेच टाळणे. लेनिनग्राडचे वसिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच धडधडत्या हृदयावर धमनीची जोडणी केली होती. कार्डिओप्लेजियाच्या यशामुळे ही पद्धत मागे पडली. १९८० च्या दशकात अर्जेंटिनाचे बेनेटी आणि ब्राझीलचे बुफोलो यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. हे दोघेही दक्षिण अमेरिकेतील असणे हा योगायोग नव्हे. हृदय-फुफ्फुस यंत्राचे एकदाच वापरावयाचे भाग महाग असतात आणि ते वाचविणे अशा देशांत महत्त्वाचे ठरते. भारतातही ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली, त्यामागे वैद्यकीय कारणांइतकेच हे आर्थिक कारण होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हृदयाचा नेमका भाग स्थिर धरणारे उपकरण तयार झाल्यावर तिचा प्रसार वेगाने झाला.

मुंबईत ही पद्धत विशेष रुजली. वांद्रे-कुर्ला संकुलातील एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांनी जानेवारी २००९ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत केलेली दुसरी बायपास शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावरच झाली. मात्र या पद्धतीने स्नायू आपोआप सुरक्षित होतो, असे मानणे योग्य नाही. जोडणी होत असता त्या धमनीचा प्रवाह काही मिनिटे अडतो. हृदय उचलून धरताना रक्तदाब उतरतो. १९ देशांतील ४,७५२ रुग्णांचा समावेश असलेल्या आणि भारतीय केंद्रांचाही सहभाग असलेल्या ‘कोरोनरी’ चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि डायलिसिस लागणारा मूत्रपिंडविकार या एकत्रित निकषावर तीस दिवसांअखेर दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. अनुभवी हातांत दोन्ही वाटा सुरक्षित आहेत, एवढेच यावरून म्हणता येते.

५. चारकोपचा प्रश्न

येथवरचा इतिहास शस्त्रक्रियागृहातील आहे. त्याबाहेर स्नायूचे गणित वेगळे असते. रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांच्या प्रयोगांनुसार धमनी पूर्ण बंद झाल्यावर सुमारे वीस मिनिटांनंतर पेशींची न भरून येणारी हानी सुरू होते. ती आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखी सरकते आणि काही तासांत त्या भागातील बहुतेक स्नायू मृत होतो. हे प्रयोग प्राण्यांवरील असले, तरी ‘वेळ म्हणजे स्नायू’ हे हृदयविकार-उपचाराचे सूत्र त्यांवरूनच आले. थांबविलेल्या, थंड केलेल्या हृदयाला शस्त्रक्रियागृहात तास-दोन तासांचे अभय मिळते. झटका आलेल्या रुग्णाच्या हृदयाला घरी वा रस्त्यात ते मिळत नाही.

या दृष्टीने चारकोपचे उदाहरण बोलके आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ ते १९९४ या काळात राबविलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने चारकोप, गोराई व मालवणी येथे अल्प उत्पन्न गटांसाठी नागरी सुविधांसह विकसित भूखंड दिले. सेक्टर क्रमांकांनी ओळखली जाणारी आजची चारकोप वसाहत त्यातून वाढली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडकळीस येत होत्या आणि मुंबईचा मध्यम व कामगार वर्ग उत्तरेकडे सरकत होता, तोच हा काळ. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. वस्ती सरकली, पण महापालिकेची हृदयशल्यचिकित्सेची जुनी केंद्रे, म्हणजे परळचे के. ई. एम., मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, शहर बेटावरच राहिली. गिरणगावातील रुग्णाला जे रुग्णालय पायी गाठता येत होते, ते चारकोपच्या रहिवाशापासून वीस किलोमीटरहून अधिक दूर गेले.

उपनगरांत ही पोकळी प्रामुख्याने खाजगी संस्थांनी भरली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले हृदयशल्यचिकित्सक डॉ. नीतू मांडके यांनी अंधेरीत मोठे हृदय रुग्णालय उभारण्याचे काम हाती घेतले होते. मे २००३ मध्ये हृदयविकाराच्याच झटक्याने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अपुरे होते. २००९ मध्ये त्या ठिकाणी कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय सुरू झाले. खर्चाच्या बाजूने शासनाने १९९७ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना आणली. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही उपलब्ध झाली. शस्त्रक्रियेचा खर्च हा अडथळा यामुळे काही अंशी कमी झाला. वेळेचा अडथळा मात्र निराळ्या जातीचा आहे.

त्याची तुलना एका घटनेशी करता येते. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील दात्याचे हृदय विमानाने मुंबईत आणून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे व सहकाऱ्यांनी त्याचे यशस्वी प्रत्यारोपण केले. सेन यांच्या प्रयत्नानंतर सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईला हे यश लाभले. थंड द्रावणात ठेवलेल्या त्या हृदयासाठी वाहतूक थांबवून ‘ग्रीन कॉरिडॉर’ मोकळा करण्यात आला. ते उचितच होते. परंतु द्रावणात थांबविलेल्या हृदयाला सुमारे चार तासांची सवलत असते. चारकोपहून निघालेल्या रुग्णवाहिकेतील हृदय धडधडत असते, उष्ण असते आणि त्याच्या एका भागाला रक्त मिळत नसते. दोहोंपैकी घाई कोणाला अधिक, याचे उत्तर शरीरक्रियाशास्त्राने केव्हाच दिले आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, हृदयस्नायूचे संरक्षण हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे, हे शल्यचिकित्सेला अपयशांतून कळले. मेलरोझ यांचे तत्त्व त्याच्या सदोष मात्रेबरोबर टाकून दिल्याने सुमारे पंधरा वर्षे गेली. एखादा प्रयोग फसला म्हणजे त्यामागील विचारही फसला, असे नव्हे, हा बोध अन्य ज्ञानशाखांनाही लागू पडतो. दोन, परळच्या प्रयोगांचे मोल केवळ ‘भारतातील पहिले’ या बिरुदात नाही. मर्यादित साधनांतून मूलभूत प्रश्न विचारण्याची वृत्ती सार्वजनिक रुग्णालयात जोपासली गेली, यात ते आहे. तीन, द्रावण कोणते वापरावे, हृदय थांबवावे की न थांबवावे, या वादांतील फरक आज थोडे उरले आहेत. त्यांहून कितीतरी अधिक स्नायू रुग्णालय गाठण्यापूर्वी नष्ट होतो. म्हणून हृदयस्नायूच्या संरक्षणाच्या इतिहासाचे पुढील प्रकरण नगररचना, वाहतूक आणि उपनगरांतील सार्वजनिक रुग्णालयांची क्षमता या विषयांशी जोडलेले आहे. चारकोपसारख्या वसाहतीपासून वीस मिनिटांच्या अंतरावर हृदयविकाराचा तातडीचा उपचार सर्वसामान्यांना परवडेल अशा दरात मिळणे, हे त्या प्रकरणाचे पहिले वाक्य ठरावे.